एकसष्टाव्या पानावरचं चिन्ह

आठल्ये सरांनी ती जाडजूड वही पुढे केली तेव्हा योगराजला क्षणभर वाटलं, आपलीच कुठली तरी जुनी वही सरांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलीय. त्या एका क्षणात तो सुखावला. तो अडाजणला सरांच्या फ्लॅटवर कॉलेजच्या समारंभाचं बोलावणं द्यायला आला होता, दहा मिनिटांत उठायचं होतं, खाली गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर उभी होती. तरी त्याने वही दोन्ही हातांनी घेतली. सरांना आता डोळ्यांच्या मधोमध काही दिसत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. त्यामुळे बोलताना ते समोरच्याच्या कानाच्या बाजूला बघत. योगराजच्या कानाकडे बघत ते म्हणाले, "लखनचं काम आहे. नऊ वर्षांचं. त्याने वाचून दाखवलंय मला सगळं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. तू एकदा डोळ्यांखालून घाल."

"कोण लखन?" योगराजने विचारलं, आणि विचारताना त्याला ठाऊक होतं.

"अरे, तुमचा लखन. लिंबायतचा. सचिन वसाहतीत, कापड रंगवायच्या मिलमध्ये डाइंग मास्टर आहे ना तो. त्याच्या मिलला गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी येतो." सर थांबले. "तुला बोललो नव्हतो का मी? तू तसा येतोस कुठं म्हणा."

मग सरांनी उत्साहाने सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर रिक्षा मिळेना म्हणून ते उभे होते, तर एक माणूस मोटारसायकल थांबवून पाया पडला. वाटेत सरांनी सहज विचारलं, गणित करतोस का रे अजून? तो म्हणाला, करतो थोडं, पण अडलं की विचारायला कुणी नाही. "नवीन काही नाही त्यात," सर वहीकडे हात करून म्हणाले. "पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकही पायरी न गाळता हे कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. शिक्षकांच्या त्रैमासिकाला पाठवायचं म्हणतोय. तुझा प्रबंध ह्याच विषयावर. तू बरोबर म्हणालास की पाठवू."

तापीवरच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. वही शेजारच्या सीटवर होती. योगराजने ठरवलं होतं की घरी जाऊन सावकाश उघडायची, पण पुलाच्या मध्यावर त्याचा हात आपोआप गेला. कागद मिलमधले होते, एका बाजूला रंगांच्या मिश्रणांचे छापील तक्ते, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर बारीक, उभट, न खोडलेलं अक्षर. कडांवर अंगठ्याचे ठसे होते. मोरपिशी, मेंदीचा हिरवा, एका ठिकाणी गडद डाळिंबी. आणि पहिल्या पानावर मराठीत शीर्षक: 'मंद गतीच्या पायॉनचं न्यूक्लिऑनवरून होणारं विकिरण, प्रवाहांच्या बीजगणिताने.' मराठीत! महापालिकेच्या मराठी शाळेत तो आणि लखन एका बाकावर बसले त्यानंतर योगराजने विज्ञानाची एक ओळ मराठीत लिहिली नव्हती. मागून हॉर्न वाजायला लागले.

विषय त्याला नवा नव्हता. पायॉन नावाचा एक अल्पायुषी कण अगदी हळू प्रोटॉनपाशी येतो आणि वळून निघून जातो. किती वळतो, ओढला जातो की ढकलला जातो, ते कागदावर काढायचं. पंचाईत अशी की प्रोटॉनच्या आत नेमकं काय चाललंय ते हाताने सुटत नाही. तेव्हा आतलं काहीच न उघडता काही प्रवाहांचे आपापसातले नियम धरायचे, म्हणजे आधी हा मग तो घेतला तर काय आणि आधी तो मग हा घेतला तर काय, ह्यांतला फरक; आणि पायॉनची ऊर्जा शून्याकडे नेत नेत तेवढ्यावरून उत्तर पिळून काढायचं. ह्याला करंट अल्जिब्रा म्हणतात. साठ वर्षांपूर्वीची पद्धत. शेवटी दोन आकडे हातात येतात. एक धडधाकट आणि दुसरा जवळजवळ शून्य. बावीस वर्षांपूर्वी योगराजने हेच केलं होतं, त्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली होती, त्या डॉक्टरेटवर नोकरी, नोकरीवर भटारचा फ्लॅट. आणि त्यानंतर, हे त्याने पुलावर प्रथमच स्वतःशी असं सरळ उच्चारलं, त्याने एकदाही कागदपेन्सिल घेऊन स्वतःसाठी काही काढलं नव्हतं. पेपर तपासले, समित्यांवर बसला, विभागप्रमुख झाला. आणि त्या बावीस वर्षांतली नऊ वर्षं सचिनच्या त्या वाफेत, उकळत्या रंगाच्या वासात, लखन हे लिहीत होता.

लिंबायतला त्यांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. योगराजचे वडील बन्सीलाल आणि लखनचे वडील चिंधाबाबा दोघंही एकाच खात्यात पॉवरलूमवर. एक दिवसपाळीला असला तर दुसरा रातपाळीला. भिंतीपलीकडून लखनचं पाठांतर ऐकू यायचं, आणि ते थांबलं की योगराजला आपलंही थांबवता यायचं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आठल्ये सर फळ्यावर काहीतरी सिद्ध करत असताना लखन उठून म्हणाला होता, "सर, हे आधी मानलं तर मग सिद्ध काय केलं?" सरांनी खडू खाली ठेवला. खिडकीतून बाहेर बघत ते उभे राहिले आणि मग फळा पुसून पहिल्यापासून सुरू केलं. तो तास योगराजच्या अंगात कायमचा रुतून बसला होता. त्याने नंतर चांगले प्रश्न विचारले, पहिला नंबरही काढला, पण सरांनी त्याच्यासाठी कधी खडू खाली ठेवला नाही. मग तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर चिंधाबाबांचा हात मागाच्या पट्ट्यात गेला. लखनला एमएस्सीचा फॉर्म भरायचा होता. तो भरलाच गेला नाही. योगराज त्याच्या घरी जाऊन ढसाढसा रडला होता. खरंच रडला होता, त्यात खोट नव्हती. पण रडून बाहेर पडला, गल्लीच्या टोकाशी आला, आणि वर्गात आपल्यापुढची उंच पाठ उठून गेल्यावर फळा एकदम स्वच्छ दिसतो तसं त्याला झालं होतं. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, सुषमालाही नाही.

वही वाचायला त्याला तीन आठवडे लागले. रोज सकाळी सहाला उठून तो गॅलरीत बसे. सुषमा चहा ठेवून जाई. महापालिकेच्या शाळेत शिकवायची म्हणून तिला सातला निघावं लागे. पहिले काही दिवस तो वरवर चाळत राहिला, जणू वही कंटाळवाणी निघून झोप येईल अशी आशा होती. मग वहीने त्याला धरलं. लखन घाई करत नव्हता. प्रत्येक ठिकाणी थांबून, हे का, असं स्वतःलाच विचारत होता. दुसरा आकडा जवळजवळ शून्य येतो तिथे थोडंसं काहीतरी उरतं; योगराजने प्रबंधात तिथे एक वाक्य टाकलं होतं, 'हे पद नगण्य मानू.' लखनने त्या उरलेल्याशी तीस पानं झुंज घेतली होती. त्या तीस पानांत एक जागा अशी होती की योगराजने वही मिटली आणि समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेल्या कबुतरांकडे तो बघत राहिला. इतकं सोपं, इतकं नीट. हे माझं असायला हवं होतं. माझ्याकडे वेळ होता, खोली होती, ग्रंथालय होतं, सुट्ट्या होत्या. ह्याच्याकडे काय होतं?

रविवारी तो आईकडे लिंबायतला गेला. सरलाबाई भटारला राहायला यायला तयार नव्हती; तिथे दारं बंद असतात म्हणायची. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "लखन दिसतो का गं कधी?"

"दिसस ना," आई म्हणाली. "परवादिन उना व्हता. बठना, च्या पिना. म्हने काकू, योगराज मोठा सर व्हई गया, माले भलता आनंद शे." मग ती पुढे म्हणाली, "तुनी बी चौकशी करस तो. तू कधी करस का त्यानी?"

आनंद. योगराजने चहाची बशी खाली ठेवली. लखनने त्याच्याबद्दल आनंद तरी कशाला मानायचा? मत्सर केला असता तर बरं झालं असतं, मग दोघं पुन्हा एका बाकावर आले असते. परत जाताना जुन्या भिंतीवरून त्याने हात फिरवला. पलीकडे आता कुणी दुसरे राहत होते, टीव्हीवर गुजराती बातम्या चालल्या होत्या.

चूक त्याच्या पुढच्या रविवारी सापडली. एकसष्टाव्या पानावर, अगदी मोक्याच्या ओळीत, दोन प्रवाहांच्या क्रमातून येणारं चिन्ह. लखनने अधिक लिहिलं होतं. योगराजने आत जाऊन कपाटाच्या तळातून आपला प्रबंध काढला, धूळ झटकली, तीच ओळ शोधली. तिथे ऋण होतं. त्याने दोन्ही शेजारी ठेवली. अधिक, ऋण. ह्या एका चिन्हावर सगळं उभं होतं. ते उलटलं की जिथे पायॉन ओढला जायचा तिथे तो ढकलला जातो. त्याच्या छातीतून काहीतरी भराभर वर आलं आणि चेहऱ्यावर पसरलं.

"अहो, काय झालं?" सुषमा दारात उभी होती. "एकटेच हसताय."

"काही नाही. एक चूक सापडली."

"कुणाची?"

"लखनची."

सुषमाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग हसायचं काय त्यात?" ती म्हणाली आणि ओले कपडे घेऊन पुढे गेली.

त्याने लगेच सरांना फोन लावला. आवाज जड, काळजीचा ठेवला. तसा ठेवताना त्याला तो ऐकूही येत होता. "सर, एकसष्टाव्या पानावर चिन्ह चुकलंय."

"पण शेवटचं उत्तर तर बरोबर आलंय त्याचं," सर म्हणाले.

"तेच तर, सर. पुढे कुठे तरी दुसरी चूक करून त्याने ते जुळवलं असणार. उत्तर आधीच ठाऊक असलं की होतं असं. नकळत."

"नकळत," सर म्हणाले. "बरं. गुरुवारी सांगतो त्याला." एवढंच. फोन ठेवल्यावर योगराजला वाटलं, सर एकदम म्हातारे झाले.

ते पाच दिवस त्याला फार हलके गेले. तासाला त्याने चांगलं शिकवलं, विद्यार्थ्यांशी हसून बोलला. आणि शुक्रवारी, दुपारचा तास रिकामा होता म्हणून, लखनची ती दुसरी चूक नेमकी कुठे आहे ते शोधून सरांना सांगावं, म्हणजे काम पुरं होईल, म्हणून स्टाफरूममध्ये कोरे कागद घेऊन तो बसला. बावीस वर्षांनी. सुरुवातीला हात अडखळला. मग चालायला लागला. पंख्याखाली कागद उडत होते, त्यावर डस्टर ठेवून तो ओळीमागून ओळ उतरवत गेला. आत जाणारा पायॉन कोणता, बाहेर पडणारा कोणता, त्यांची अक्षरं कोणत्या क्रमाने. आणि मोक्याच्या ओळीवर आला तेव्हा पेन्सिलीने अधिक लिहिलं. तो थांबला. पुन्हा केलं. अधिक. खुणांचे संकेत बदलून केलं, उलट बाजूने सुरुवात करून केलं. दर वेळी अधिक. घंटा झाली, मुलं जिन्यावरून धावत गेली, त्याचा तास होता, कुणीतरी दारातून डोकावून "सर?" म्हणालं. त्याने हात हलवून जायला सांगितलं.

मग आपला प्रबंध बरोबर कसा, हा प्रश्न उरला. घरी माळ्यावर त्याच्या जुन्या वह्या होत्या. त्या काढायला नको, असं त्याला आतून कुणीतरी सांगत होतं, म्हणून त्याने त्या काढल्या. प्रबंध सादर करायच्या आधीच्या आठवड्यातली वही. क्रमाच्या ओळीत अक्षरं उलटी पडली होती, चिन्ह ऋण आलं होतं, आणि त्यामुळे पुढचं सगळं उत्तर उलटं निघालं होतं. चार पानांनंतर, एका साध्या, कुणी बघणारही नाही अशा पायरीवर, अजून एक ऋण होतं. निळ्या शाईच्या ओळीत ते एकच काळ्या शाईने होतं. ती काळी रेघ पाहिली मात्र, ती दुपार पूर्ण परत आली: टंकलेखकाकडे उद्या द्यायचं होतं, चूक सापडत नव्हती, बाबा म्हणत होते आता पुरे कर, नोकरीची मुलाखत पंधरवड्यावर होती, आणि त्याने दुसरं पेन उचललं होतं. नंतर शोधू, असं म्हटलं होतं. नकळत नव्हे. चांगलं कळत. माणूस इतकं विसरू शकतो ह्याचंच त्याला नवल वाटलं. तो माळ्याच्या शिडीवरच बसून राहिला.

त्याच दिवशी सरांना फोन करायला हवा होता. त्याने केला नाही. शनिवारी वाटलं, सोमवारी करू. सोमवारी परीक्षेचं काम निघालं. रोज सकाळी तो गॅलरीत बसे आणि रोज एक नवीन कारण मिळे, आणि प्रत्येक कारणाच्या तळाशी तेच एक गार, चिकट समाधान असे: अजून त्याचं पाठवलं गेलेलं नाही. गुरुवार येऊन गेला. दहाव्या दिवशी सरांचाच फोन आला. समारंभाला येणार नाही म्हणाले. मग म्हणाले, "लखनला ती दुसरी चूक सापडत नाहीये. ह्या गुरुवारी आला नाही तो. नऊ वर्षांत पहिल्यांदा." आरोप नव्हता त्यात. नुसती माहिती होती. योगराज म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी," आणि फोन ठेवला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, कॉलेज सोडून तो सचिनला गेला. प्रबंध, लखनची वही आणि ती काळ्या रेघेची वही पिशवीत होती. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याकडेच्या गटारातून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "कोने मळवानुं छे?" योगराजने लखनचं नाव सांगितलं तर म्हणाला, "मास्टर तो गरम छे आजे," आणि आत फोन केला.

लखन बाहेर आला तो रुमालाला हात पुसत. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच उंच. नखांच्या मुळाशी पिवळा रंग. त्याने योगराजला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, ते योगराजला सहन झालं नाही. समोरच्या टपरीवर बाकावर बसल्याबरोबर लखनच बोलायला लागला. "बरं झालं आलास. चार वेळा पहिल्यापासून उतरवलं यार. दुसरी चूक मिळतच नाही. तू सांगितलं म्हणजे असणार, पण कुठे लपली शे काय माहीत. डोक्यातून जातच नाही. परवा कापडाचा एक लॉट बिघडवला, मरून रंग द्यायचा तो कथ्थई निघाला. वीस वर्षांत असं नाही झालं. सेठ बोलला सगळ्यांसमोर."

"नाही मिळणार," योगराज म्हणाला. "नाहीच आहे."

"काय नाही?"

"दुसरी चूक. पहिलीही नाही. एकसष्टाव्या पानावर तुझं बरोबर आहे. चूक माझ्या प्रबंधात आहे."

लखनने ग्लास बाकावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका उमटली, स्पष्ट दिसली, खांदे खाली आले. मग त्याने मान वळवली. "कव्हय समजनं तुले?"

योगराजला सहज म्हणता आलं असतं, काल. जीभ तिथवर आलीही होती. "अकरा दिवस झाले."

"अकरा दिन," लखन म्हणाला. तो उठून उभा राहिला. "अकरा दिन मी मरी राहिंतू आठे, आणि तू... तुले फोन करता नई उना? दोन मिनिटांचा फोन?" त्याचा आवाज चढला, टपरीवरचे दोघं-तिघं बघायला लागले. "सरांसमोर बसायची लाज वाटायला लागली माले. नऊ वर्षं त्यांना खोटं वाचून दाखवलं, असं वाटायला लागलं. कामून असं करं रे तू? मी काय लिधं व्हतं तुनं?"

काय घेतलं होतं, ह्याचं उत्तर होतं. तो उंच पाठीचा दिवस होता, तो खाली ठेवलेला खडू होता. योगराज मान खाली घालून बसून राहिला. आणि त्या शरमेच्याही आत, अगदी तळाशी, तीच ओळखीची कळ उठली: एका चिन्हासाठी ह्या माणसाची अकरा दिवस झोप उडाली. लॉट बिघडला. आपण काळी रेघ ओढली त्या संध्याकाळी जेवलो होतो, गाढ झोपलो होतो.

लखन रस्त्यापर्यंत जाऊन परत आला. टेम्पो गेला, धूळ उडाली. तो उभाच होता. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वेगळ्याच झाल्या. "पण थांब," तो म्हणाला. "तिथं ऋण असलं तर तुझं उत्तर उलटं यायला पाहिजे. बरोबर कसं आलं?"

योगराजने पिशवीतून जुनी वही काढली, पान उघडलं आणि काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "उत्तर ठाऊक होतं," तो म्हणाला.

लखनने पान वाचलं. नखाच्या पिवळ्या कडेने ओळ धरून तो मागे गेला, पुढे आला, ओठ हलत होते. कितीतरी वेळ. योगराजला वाटलं, आता हसेल, किंवा थुंकेल. लखनने वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली. "सरांना तू सांग," तो म्हणाला. "आजच. मी नाही सांगणार." मग आतून भोंगा झाला आणि तो फाटकाकडे निघाला. मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी सहा वाजता योगराज अडाजणला पोचला. सर गॅलरीत बसले होते. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, अकरा दिवस, काळी शाई, सेठ बोलला ते, काही ठेवलं नाही. सर त्याच्या कानाच्या बाजूला बघत ऐकत होते. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बीप बीप आवाज संपेपर्यंत ते थांबले.

"त्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून माझीही सही आहे," ते म्हणाले. "तेव्हा डोळे चांगले होते माझे. मी शेवटचं पान बघितलं आणि सही केली." जरा वेळाने म्हणाले, "विद्यापीठाला काय कळवायचं ते आपण दोघं बसून लिहू. आता लखनला फोन लाव."

योगराजने फोन लावून सरांच्या हातात दिला. "अरे, अधिकच आहे," सर म्हणाले, आणि पलीकडून लखन काहीतरी बोलला. सर हसले. मग ते बोलत राहिले. पाचव्या मिनिटाला ते त्या तीस पानांत शिरले होते. सरांचा मोकळा हात हवेत ओळी लिहीत होता, मधेच मोठ्याने हसत होता तो म्हातारा माणूस, एखाद्या पोरासारखा. चार वर्षं योगराज त्यांच्या हाताखाली होता. हे हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण सरांच्या बाजूवरून प्रत्येक पायरी कळत होती. कळत होती म्हणूनच जास्त दुखत होतं. उठून जावं. तो उठला, चपला शोधल्या, परत येऊन बुटक्या स्टुलावर बसला.

सरांनी फोन छातीशी धरला. "योगराज, हा विचारतोय, दोन्ही पायॉनची ऊर्जा एकदम शून्याला न्यायची की आधी एकाची, मग दुसऱ्याची? फरक पडतो का?"

फरक पडतो, हे त्याने कुठल्यातरी पुस्तकात वाचलेलं होतं. किती पडतो तो आकडासुद्धा जिभेवर होता. सर त्याच्या कानाकडे बघत वाट पाहत होते. फोनमधून मिलचा घरघराट येत होता.

"मला करून बघावं लागेल, सर," योगराज म्हणाला, आणि कागद कुठे आहेत ते विचारलं.